सांदवाडीतील वाफे आणि गावातील मांजरे

दसरा आटोपला की आमच्या आर्वी तालुक्यातील खेड्यांत घरामागच्या सांदवाडीत हिवाळी भाजीचे वाफे तयार होऊ लागतात. पावसाळ्यात माजलेले गवत काढून, जमीन कुदळीने खणून, ढेकळे फोडून आणि कुजलेले शेणखत मिसळून केलेल्या वाफ्यात मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) आणि मुळा पेरला जातो, आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या सारख्या केलेल्या मातीत ठिकठिकाणी उकरलेले खळगे आणि त्यांवर ओढलेले मातीचे उंचवटे दिसतात. मेथीचे बी असे उकरले गेले म्हणजे वाफ्याचा काही भाग उघडा राहतो आणि दुसरीकडे एकाच जागी मूठभर बी साचून दाटीने उगवते. लसणाच्या पाकळ्या तर सरळ वर येऊन पडतात. हे काम बहुधा गावातील मांजरांचे असते. त्यावर उपाय काय, असे आमच्या बचत गटातील बायका मला दरवर्षी विचारतात, आणि उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून घरोघरी पोषण परसबागा लागू लागल्यापासून हा प्रश्न अधिकच ऐकू येतो. म्हणून मी स्वतः जे करते आणि जे कोणीही करू नये असे मला मनापासून वाटते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मांजर वाफ्यात येते ते मातीसाठी. आपल्या घरातील मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या मुलखात राहणारे रानमांजर होते, आणि सैल, कोरड्या जमिनीत विष्ठा करून ती झाकून टाकण्याची सवय त्याच्यापासून आजच्या मांजरापर्यंत जशीच्या तशी चालत आली आहे. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर वस्तीला आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, इतका हा सहवास जुना आहे. धान्याची ढोली आणि भुसभुशीत केलेली जमीन या दोन्ही गोष्टी शेती करणाऱ्या माणसाकडेच असतात. आमच्या काळ्या मातीचा तर स्वभाव असा, की पाणी तुटले की ती दगडासारखी टणक होते आणि तिला भेगा पडतात. अशा गावात नांगरट नसलेल्या काळात मऊ माती शोधायची म्हटली, तर ती मांजराला आपल्या सांदवाडीतच सापडणार.

पहाटे पडवीत न हलता बसून राहिले, तर मांजर जागा कशी निवडते ते नीट पाहता येते. ते वाफ्याच्या कडेने चालत नाक जमिनीलगत नेते, एखाद्या ठिकाणी पुढचा पंजा टेकवून माती थोडी मागे ओढून पाहते, ओल लागली किंवा मुळी आडवी आली तर पंजा झटकून पुढे सरकते, आणि माती मनासारखी कोरडी व मोकळी लागली म्हणजेच दोन्ही पंजांनी खळगा करून बसते. उठल्यावर वळून वास घेते आणि एका पंजाने चारी बाजूंची माती मध्ये ओढते. पुढे सांगणार असलेले बहुतेक उपाय या निरीक्षणातूनच निघाले आहेत, कारण पंजाला जी जागा नको वाटते ती जागा मांजर आपण होऊन सोडते. त्याला हाकलत बसावे लागत नाही.

मात्र वाफा उकरलेला दिसला म्हणजे तो मांजरानेच उकरला असे गृहीत धरू नये. कोंबड्या माती पसरट उकरतात आणि मागे विष्ठा पुरलेली नसते. कुत्र्याचा खड्डा खोल असतो आणि त्याची माती एकाच बाजूला लांबवर उडालेली असते. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसतो, आणि तिच्यामुळे झाडे मुळाशी कुरतडलेली आढळतात; अशा ठिकाणी मांजराचे येणे उलट फायद्याचेच आहे. घराच्या कवेलूंवर किंवा भिंतीच्या माथ्यावर बिया असलेली विष्ठा दिसली, तर ती बहुधा फळे खाणाऱ्या उदमांजराची असते, आणि त्याला वाफ्यातील मातीशी काही देणेघेणे नसते. नाल्याकाठच्या आणि उसाच्या वावरांतून कधी रानमांजरही घरांपर्यंत येते. लांब पाय, त्या मानाने आखूड आणि टोकाशी काळ्या कड्यांची शेपटी, व कानांच्या टोकांवर केसांचे लहान झुपके यांवरून ते ओळखता येते. रानमांजर आणि उदमांजर या दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे त्यांना पकडणे किंवा मारणे हा गुन्हा ठरतो.

भाजीच्या वाफ्यात मांजराची विष्ठा असणे ही केवळ किळस येण्याची बाब नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी उंदीर आणि पाखरे खाल्ल्यामुळे मांजराच्या पोटात जातो आणि तेथे वाढून त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे तो बाहेर पडत राहतो; ताजी विष्ठा लगेच संसर्ग करीत नाही, परंतु एक ते पाच दिवसांत ती संसर्गक्षम होते, आणि ओलसर, सावलीच्या मातीत हा परजीवी अनेक महिने टिकतो. धडधाकट माणसाला त्याचा बहुधा त्रास जाणवतही नाही, पण गर्भवती बाईला त्याच काळात पहिल्यांदा लागण झाली तर पोटातील बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. आमच्याकडे भाकरीबरोबर मुळा, कांद्याची पात आणि हिरवा सांभार कच्चाच खाल्ला जातो, म्हणून वाफ्यातून उपटलेली भाजी वाहत्या पाण्याखाली मुळांसकट चोळून धुणे आणि मातीत काम केल्यावर साबणाने हात धुणे एवढे तरी प्रत्येक घरात व्हावे. घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असेल, तर निंदण-खुरपणीचे काम त्या महिन्यांत दुसऱ्याने करावे, किंवा निदान हातमोजे घातल्याशिवाय तिला ते करू देऊ नये. मांजराची विष्ठा खुरपीने रोजच्या रोज उचलली तर तिला संसर्गक्षम होण्यास वेळच मिळत नाही. ती खताच्या खड्ड्यात टाकू नये. घरगुती खड्ड्यात परजीवी मरण्याइतकी उष्णता सगळीकडे पोहोचेल याची खात्री नसते. भाजीपासून आणि विहिरीपासून दूर वेगळा खड्डा करून ती पुरावी.

आता जे करू नये त्याविषयी. गावात मांजराला हाकलण्यासाठी तिखट टाकण्याची पद्धत आहे. तिखटातील दाहक द्रव्य मांजराच्या पंजांना लागते, मांजर पंजे चाटते, त्याच पंजाने तोंड पुसते आणि ते डोळ्यांत जाते. त्या वेदनेने सैरभैर झालेले जनावर मी पाहिले आहे आणि तसे कोणाच्याही दारात पुन्हा घडू नये असे मला वाटते. शिवाय वारा सुटला की तेच तिखट अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत उडते. डांबराच्या गोळ्या हा दुसरा लोकप्रिय उपाय. त्या मांजराला तर विषारी आहेतच, पण पांढऱ्याशुभ्र असल्याने लहान मूल त्या मिठाई समजून तोंडात घालू शकते. फिनाईल शिंपडणारी घरेही आहेत. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांचे विघटन करण्याची शक्ती फार कमी असते, त्यामुळे माणसाच्या किंवा कुत्र्याच्या अंगी जे निभावते तेही मांजराला मारक ठरते, आणि ज्या वाफ्यातील भाजी आपण खाणार त्यात फिनाईल ओतणे हे आपल्यालाही योग्य नाही.

सर्वांत वाईट म्हणजे विष. उंदरांसाठी मिळणारे झिंक फॉस्फाइड दुधात किंवा मासळीच्या तुकड्यात कालवून ठेवल्याच्या गोष्टी खेड्यापाड्यांतून ऐकू येतात. हे औषध पोटातील आम्लाशी मिसळले की त्यापासून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो, आणि मरण अतिशय यातनामय असते. ते तुकडे कोण खाईल यावर ठेवणाऱ्याचा काही ताबा राहत नाही. कुत्रा, कावळा, शेजारची कोंबडी, रांगते मूल, कोणाच्याही वाट्याला ते येऊ शकते. विदर्भात कीटकनाशकांनी किती घरे उद्ध्वस्त केली ते आपण सर्व जाणतो. ज्या वस्तू घरात कुलपाबाहेर असूच नयेत, त्या अन्नात कालवून अंगणात ठेवणे हे मांजराच्या त्रासाला उत्तर होऊच शकत नाही. कायदाही याबाबत नि:संदिग्ध आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा लुळेपांगळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या म्हाताऱ्या माणसांना कलम ठाऊक नव्हते, पण मांजर मारणे हे महापाप आहे एवढे ती ठामपणे सांगत, आणि त्या सांगण्यामुळे कित्येक मांजरे वाचली असतील.

आता काय करावे. पेरणी झाल्यापासून रोपे वीतभर होईपर्यंत वाफ्याची माती उघडी ठेवायची नाही, हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि त्यासाठी लागणारे साहित्य आपल्या भागात फुकट मिळते. तूर काढल्यानंतर उरलेल्या तुराट्या घरोघरी रचलेल्या असतात. बी पेरून पाणी दिल्यावर तुराट्या वाफ्यावर आडव्या टाकाव्यात, त्यांवर उभ्या टाकाव्यात, आणि मधली घरे हाताचा पंजा जेमतेम मावेल एवढी लहान ठेवावीत. ऊन आणि पाणी आत जाते, मेथी त्या घरांतून सहज वर येते, परंतु मांजराला चारही पाय टेकवून वळायला जागा उरत नाही. तुराट्यांची टोके दोन्हीकडे मातीत खोचली किंवा सुतळीने बांधली, तर त्या सरकत नाहीत. रोपे दाट झाली की तुराट्या अलगद उचलून पुढच्या वाफ्यासाठी ठेवाव्यात.

कोणी म्हणेल की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, का नकोत, त्या तर तुराट्यांपेक्षा अधिक असतात. पऱ्हाटीला फांद्या असल्यामुळे मांजराला ती जास्त अडते हे खरे आहे, पण तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते आणि पुढच्या हंगामात तेथूनच पसरते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातील कपाशीचे जे हाल केले ते विसरण्याजोगे नाहीत. कपाशीचे वावर घराला लागून असताना पऱ्हाट्या महिनोन्महिने सांदवाडीत साठवून ठेवणे मला पटत नाही. तुराट्या नसतील तर बांबूच्या कमच्या किंवा निंबाच्या वाळक्या काटक्याही तेच काम करतात. बोराटीच्या आणि बाभळीच्या काट्या मात्र कुंपणालाच ठेवाव्यात, कारण वाफ्यात मोडून राहिलेला काटा शेवटी निंदणाऱ्या बाईच्याच हातात रुततो.

ज्यांना थोडा खर्च परवडतो त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी वाफ्यावर सपाट अंथरून कडांना दगड ठेवले तर ती बरीच वर्षे टिकते. नायलॉनची मासे धरायची जुनी जाळी मात्र जमिनीलगत सैल सोडू नये. तिच्यात साप अडकतात, सुटण्याच्या धडपडीत जखमी होऊन मरतात, आणि अडकलेला साप नाग, मण्यार किंवा घोणस असेल तर पहाटे भाजी तोडायला गेलेल्या बाईच्या जिवावर बेतते. मांजराचे पाय आणि मानही तिच्यात गुंततात.

कुंपणाचा उपयोग गुरे, शेळ्या आणि डुकरांसाठी आहे. मांजर पाच फुटांच्या भिंतीवर सहज उडी मारते आणि कुपाटीच्या सांदीतून अंग चोरून आत येते, म्हणून केवळ मांजरासाठी कुंपण उंच करण्यात पैसे घालवू नयेत. भिंतीवर लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याचाही काही परिणाम मला कधी दिसलेला नाही.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. ओली माती मांजराला आवडत नाही, म्हणून वाफ्याला सकाळऐवजी सायंकाळी पाणी दिले तर मांजरांच्या फिरण्याच्या वेळी, म्हणजे तिन्हीसांजेला आणि पहाटे, माती ओली राहते. हिवाळ्यात हे जमते. फाल्गुनानंतर विहिरीचे पाणी खाली गेल्यावर मांजरासाठी पाणी शिंपडत बसणे कोणालाही शक्य नाही आणि ते योग्यही नाही. उलट चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की मांजर ओलाव्याच्याच ओढीने येते आणि वेलाच्या आळ्यात किंवा रांजणाखालच्या ओलीत अंग टाकून पडून राहते. त्या दिवसांत ते उकरत नाही, फक्त गारवा शोधते. अशा वेळी कोपऱ्यात सावलीला मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरून ठेवले आणि त्याच्याखाली पोत्याचा ओला तुकडा टाकला, तर मांजर तेथे बसते आणि दोडक्याचा वेल मोडत नाही.

संत्र्याच्या सालींविषयी मला नेहमी विचारतात. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की वरुड-मोर्शीपासून आर्वीपर्यंत सालींची कमतरता नसते, आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील तेलाचा वास मांजराला नकोसा असतो. ताज्या साली वाफ्याच्या कडेने टाकल्या तर थोडा फरक पडतो. वाळल्या की वास जातो आणि उपयोगही संपतो. तुराट्यांच्या जोडीला साली टाकाव्यात, केवळ सालींवर विसंबू नये.

माती झाकली तरी मांजराची गरज संपत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाफ्यात जाणार. म्हणून त्याला त्याची स्वतःची जागा करून देणे हा उपाय मी सर्वांत महत्त्वाचा मानते. घरकुलाच्या बांधकामातून उरलेली रेती गावात कोठे ना कोठे पडलेली असते. सांदवाडीच्या अगदी टोकाला, विहिरीपासून आणि हातपंपापासून दूर, भाजीपेक्षा उताराच्या बाजूला, सीताफळाच्या किंवा निंबाच्या आडोशाला वीतभर खोल खड्डा करून तो रेतीने भरावा. रेतीत मूठभर चुलीची राख मिसळली तरी चालते. मग वाफ्यात सापडलेली विष्ठा खालच्या मातीसकट खुरपीने उचलून त्या रेतीत पुरावी, कारण मांजर आपली जागा वासावरूनच ओळखते. त्याच वेळी वाफ्याची ती जागा भरपूर पाण्याने भिजवून लगेच झाकावी. काही दिवसांत मांजर रेतीकडे वळते. त्यानंतर ती रेती रोज साफ ठेवणे हे आपले काम आहे. घाण साचलेल्या जागी मांजर जात नाही आणि पुन्हा वाफ्याकडे परतते. या कामाला रोज चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो, आणि दुसऱ्यांदा मेथी पेरण्याच्या मेहनतीपुढे तो काहीच नाही.

आमच्या गल्लीतील मांजरांना शेजारच्या काकू दूधभात घालतात. वाफ्याबद्दल मी त्यांच्याशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिले का समजते बाई, कोनाचा वाफा कोनाचा? मऊ माती दिसली का बसली." त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मी त्यांना एवढेच म्हटले, "काकू, तुमच्या आंगनातही एक रेतीचा कोपरा करू, मी करून देतो." आमच्याकडे बायकाही करतो-जातो असेच बोलतात, त्यामुळे त्यात त्यांना परके काही वाटले नाही, आणि कोपरा झाला. तेव्हापासून त्या खाणे ठरलेल्या वेळीच घालतात आणि उरलेले उचलून ठेवतात, त्यामुळे पलीकडच्या आळीतील मांजरांची गर्दी होत नाही. मांजर ज्याच्या घरी खाते त्याच्याशी भांडण करून आजवर कोणाचा वाफा वाचलेला नाही. शेजारणीशी मनमोकळे बोलले की अर्धे काम होते.

संख्या वाढण्याचा प्रश्न मात्र खराच आहे. मादी सहा महिन्यांच्या आतबाहेर माजावर येते, नऊ आठवड्यांत वितते आणि वर्षातून दोनदा-तीनदा पिल्ले देऊ शकते. तरणे बोके कुंपणाच्या खुंटांवर आणि रोपांवर मूत्राची धार सोडून हद्द आखतात, आणि त्या वासाने भाजी तोडणे नकोसे होते. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांची ही सवय जाते. खेड्यात ही सोय नाही. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून आहे आणि तेथील पशुवैद्यक महाविद्यालय तर त्याच्याही आधीचे, पण आमच्या खेड्यातील माणूस मांजर घेऊन नागपूरला जाणार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईगुरांच्या लसीकरणाची जशी शिबिरे भरतात, तशी वर्षातून एकदा मांजरांच्या नसबंदीची भरवावीत, अशी मागणी ग्रामसभेत मांडता येते, आणि बायकांनी ती मांडावी असे मला वाटते. मांजरे गावातून नाहीशी व्हावीत अशी माझी मुळीच इच्छा नाही. सोयाबीन आणि तूर घरात येते तेव्हा पोती कुरतडणाऱ्या उंदरांवर रात्रभर लक्ष ठेवणारे दुसरे कोणी आपल्याकडे नाही, आणि जेथे उंदीर माजतात तेथे त्यांच्यामागे साप येतात.

पावसाळ्याची गोष्ट थोडक्यात सांगते. मृगाचा पाऊस लागला की सगळीच जमीन ओली होते आणि मांजरे उघड्या वाफ्यांत फारशी येत नाहीत. चवळी, वाल, भेंडी, आंबाडी यांना त्यांचा उपद्रव होत नाही. परंतु वांगी आणि मिरचीची रोपे ज्या गादीवाफ्यावर छपराखाली वाढवली जातात, ती त्या दिवसांत गावातील एकमेव कोरडी, भुसभुशीत माती असते, आणि मांजर नेमके तेथे येते. म्हणून गादीवाफ्यावर बुरडाकडून विणून घेतलेला बांबूचा विरळ ताटवा चार विटांवर ठेवावा, आणि रेतीच्या कोपऱ्यावर चार बल्ल्या रोवून जुना पत्रा टाकावा. पत्र्याचा उतार वाफ्यांच्या उलट दिशेला असावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी भाजीकडे वाहून येत नाही, आणि पत्रा जमिनीपासून एवढा उंच असावा की खाली खुरपी घेऊन बसता येईल.